किल्लीवाल्या आजोबांचं सगळ्यात लहान कुलूप

दुकान म्हणावं तर दुकान नव्हतंच ते. दोन इमारतींच्या मधे एक फट उरली होती. कधीतरी कुणीतरी तिला फळ्या ठोकल्या, दार लावलं, आणि त्या दाराआड किल्लीवाले आजोबा येऊन बसले ते बसलेच. माणूस आडवा झाला तर पाय रस्त्यावर यावेत, एवढीच जागा. पण भिंतींवर खिळ्याखिळ्याला किल्ल्या. पितळेच्या, लोखंडाच्या, दात पाडलेल्या, अजून कोऱ्या. वाऱ्याची झुळूक आत शिरली की त्या सगळ्या एकमेकींच्या कानाला लागत आणि दुकानभर बारीक किणकिण होई. आजोबांना त्या आवाजाची इतकी सवय की वारा पडला म्हणजे ते कानसीवरून मान वर करून बघत, कोण गेलं उठून म्हणून.

कुलपाशी आजोबा कधी भांडले नाहीत. दांडगाईनं उघडतं ते कुलूप नव्हे, डबा, असं त्यांचं मत होतं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ते त्याला स्टुलावर बसवत, कुलूप कानाशी नेत, आणि आजारी माणसाला विचारावं तसं त्याला विचारत, काय दुखतंय बाबा. कुलूप सांगायचं. नाही सांगितलं तर आजोबा उद्या या म्हणायचे.

या धंद्यातला एक नियम त्यांच्या वडिलांनी त्यांच्या बोटांच्या पेरांवर पट्टी मारून पक्का केला होता. किल्ली जिथून आत गेली तिथंच माघारी आली पाहिजे. माघारी आल्याशिवाय ती बाहेर यायची नाही. ओढाल तर तुटेल आणि अर्धी आत राहील. म्हणून फिरवायची, परत घरी आणायची, मग काढायची. हे आजोबांच्या डोक्यात नव्हतंच, हातात होतं. झोपेतून उठवून हातात किल्ली दिली असती तरी हातानं तेच केलं असतं.

शाळा सुटली की त्यांची नात दुकानात यायची. तिची आई, म्हणजे आजोबांची लेक, गणवेश शिवायच्या कारखान्यात संध्याकाळपर्यंत मशीनवर असे. जावई ट्रक घेऊन लांब लांब जाई. आला की दोन दिवस झोपे आणि पुन्हा जाई. त्यामुळे दुपारची पोर आजोबांची. ती यायची, दप्तर टाकायची, फळीमागे घडी करून ठेवलेल्या गोधडीवर अंग टाकायची, आणि काही विचारायच्या आत झोपायची. झोपायची म्हणजे घोरायला लागायची. एवढीशी पोर, पण आवाज असा की समोरच्या खिळ्यांवरच्या हलक्या किल्ल्या थरथरत.

घरात तिला सगळे इंजिनच म्हणत. आजोबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं; उलट थोडा अभिमानच होता. त्यांचे वडील घोरत, आजी घोरे, एक काका तर असे घोरत की लग्नघरी त्यांना अंगणात झोपवत. घोरणं हा घराण्याचा वारसा, पैसाअडका नाही तर नाही, एवढं तरी खाली उतरलं, असं ते म्हणायचे. रस्त्यापलीकडे छत्र्या दुरुस्त करणारा बसे. नातीचं घोरणं सुरू झालं की तो काड्यांतून डोकं वर काढून विचारी, "आजोबा, गाडी लागली का फलाटाला?" आजोबा म्हणत, "लागली. वेळेवर."

पोर गुणी, हूं नाही की चूं नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शाळेतून बाईंचा निरोप आला की मुलगी वर्गात डुलक्या घेते, विचारलेलं तिच्या कानातच शिरत नाही. आजोबांनी तो निरोप चहाबरोबर पिऊन टाकला. वाढतं वय आहे, झोप यायचीच.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. घोरता घोरता पोर मधेच थांबे. आवाज वर वर चढत जाई आणि एकदम काही नाही. गंजलेल्या कुलपात किल्ली अर्ध्यावर अडावी तसं. आजोबांची कानस हातातच राही. मग पोर घशातून एक हिसका देई, कूस बदले, आणि गाडी पुन्हा सुरू. आजोबा कानस चालवायला लागत. स्वप्न पडलं असेल, असं स्वतःलाच सांगत. पण तेवढ्या वेळात कापलेला किल्लीचा दात कधी कधी वाकडा निघे.

पुढं नातीची एक दाढ किडली. दाढ बघणाऱ्यानं तोंडात बराच वेळ डोकावून, मुलांचे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. लेकीनं सुट्टी काढली. आजोबाही दुकानाला कुलूप लावून बरोबर गेले, कारण नातीनं त्यांचं बोट सोडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढून घेतला, टाळूवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही घोरते का?"

लेक खळखळून हसली. "घोरते? अहो, आमचं इंजिन आहे ते." आणि तिनं अंगणात झोपवलेल्या काकांचीही गोष्ट सांगून टाकली. आजोबा कौतुकानं मान डोलवत होते. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न आजोबांकडे बघून विचारला, कारण दुपारी पोर कुणाजवळ असते हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. घोरताना ही मधेच थांबते का?

आजोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "थांबते."

लेकीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. ते बघणं आजोबांना घरी जाईपर्यंत पुरलं.

बाईंनी समजावून सांगितलं ते सोपं होतं. तोंडाचं छत हीच नाकाची जमीन. हिच्या तोंडाचं छत उंच आणि अरुंद आहे, म्हणून वरची खोलीही अरुंद. नाकानं श्वास पुरत नाही, म्हणून तोंड उघडं राहतं, जीभ मागं पडते, आणि झोपेत हवेची वाट मिटते. मग जीव घाबरा होऊन मेंदू तिला जागं करतो. रात्रभर हेच. पोर झोपाळू नाही, तिला झोपच मिळत नाही.

मग नाक-कान-घशाचे डॉक्टर झाले. डोक्याला आणि छातीला तारा लावून इस्पितळात झोपेची तपासणी झाली. श्वास थांबतो हे खरंच निघालं. घशातल्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, आत्ताच काढाव्यात एवढ्या वाढलेल्या नव्हत्या. आधी वरचा जबडा रुंद करून बघू, मग पुन्हा तपासू, असं दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलं. याने सगळं जाईल असं लिहून देणार नाही, बाई म्हणाल्या, पण या वयात टाळूचा मधला सांधा अजून पक्का झालेला नसतो. हळूहळू रेटलं तर उघडतो.

रेटायचं साधन दाढांना बसवलं. टाळूच्या मधोमध एक इवलासा स्क्रू, त्याला चार तारांचे पाय. स्क्रूला बारीक भोकं, आणि रोज एकदा त्यात एक किल्ली घालून तो फिरवायचा. घरच्या घरी. बाईंनी ती किल्ली पुडीतून काढली. टाचणीएवढी, घशात जाऊ नये म्हणून दोरा बांधलेली. आतापर्यंत कोपऱ्यात अंग चोरून बसलेले आजोबा ताठ झाले. हे काम कुणाचं, यावर त्या खोलीत चर्चा व्हायचं कारणच उरलं नाही.

बाई दाखवायला लागल्या. पोरीच्या तोंडावर त्या वाकल्या, किल्ली अशी घाला, अशी मागं न्या, अशी काढा. आजोबा मान हलवत होते, पण त्यांची नजर बाईंच्या मागच्या कपाटावर होती. त्याच्या कुलपाची पट्टी एका अंगाला उतरली होती आणि ती कुणी बसवली असेल याचा ते विचार करत होते. समजलं ना, असं बाईंनी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "बाई, किल्ली फिरवायला मला शिकवता?" लेकीनं डोळ्यांनीच बाईंची माफी मागितली.

रोज संध्याकाळी, जेवणाआधी, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हे काम चाले. पोर टेबलावर आडवी, तोंड आ वासून. लेक बॅटरी धरी, पण तोंड दुसरीकडे करून; तिला पोरीच्या तोंडातलं काही बघवत नसे, म्हणून उजेड कधी नाकावर, कधी कानावर. आजोबा खरं तर उजेडाशिवायच करत. भोक बोटाला सापडे. किल्ली आत, फिरवली, घरी आणली, काढली. पोरीला कळायचंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात आजोबा छत्रीवाल्याला सांगत, डॉक्टर म्हणाल्या होत्या नाकाशी दाब येईल, थोडं दुखेल. माझ्या हातानं नाही दुखलं. त्याला हात लागतो. छत्रीवाला म्हणे, हात आहे की लोणी.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. स्क्रू फिरत गेला की पुढच्या दोन दातांत फट पडेल, घाबरू नका, तीच खूण. लेक रोज सकाळी पोरीचा ओठ वर करून बघे. फट दिसेना. येईल गं, उतावळी नवरी, आजोबा म्हणत. पण दुपारी गोधडीवर गाडी तशीच लागे, तशीच अर्ध्या वाटेत थांबे. आता आजोबांना ते थांबणं काय आहे हे ठाऊक झालं होतं, आणि ठाऊक झाल्यापासून ते फार लांब वाटायला लागलं होतं. कानस खाली ठेवून ते पोरीच्या छातीकडे बघत राहत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मोजमाप घेतलं आणि कपाळाला आठी घातली. रोज फिरवता? रोज. एखादा दिवस चुकला? आजोबा दुखावले. बाईंनी टेबलावरून पांढऱ्या प्लास्टरचा एक जबडा उचलला. त्याला तसाच स्क्रू बसवलेला होता. तो आजोबांपुढं ठेवून म्हणाल्या, मला करून दाखवा.

आजोबांनी किल्ली घातली. फिरवली. घरी आणली. काढली. आणि कुणी वाहवा म्हणतंय का म्हणून वर बघितलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही रोज दार उघडताय आणि रोज लावून घेताय."

आजोबा त्या टाचणीएवढ्या किल्लीकडे बघत राहिले. बाई मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, बऱ्याच घरांत होतं हे. काढताना किल्ली पुढं ओढली जाते आणि फिरवलेलं उलटं फिरतं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवलं, आणि या वेळी आजोबांनी कपाटाकडे बघितलं नाही. या कुलपाला घर नव्हतं. किल्ली पुढून घालायची, घशाकडे न्यायची, आणि तिथूनच, मागूनच, काढून घ्यायची. नवं भोक पुढं दिसलं तरच काम झालं. माघारी यायचं नाही. आजोबांना आयुष्यात असं कुलूप भेटलं नव्हतं.

परतताना बसथांब्यावर लेकीनं हात पुढं केला. "बाबा, किल्ली द्या. उद्यापासून मी फिरवीन."

आजोबांनी खिशातून पुडी काढून दिली. लोकांनी त्यांच्यासमोर आपल्या तिजोऱ्या उघड्या टाकल्या होत्या, घराच्या किल्ल्या दिवस दिवस विश्वासानं ठेवल्या होत्या. हातातून किल्ली काढून घेतली ती पहिल्यांदाच, आणि घेणारीचं काही चुकत नव्हतं. बसमध्ये नात त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली आणि घोरायला लागली. पुढच्या बाकावरच्या माणसानं हसून मागं बघितलं. एरवी आजोबांनी त्याला काकांची गोष्ट सांगितली असती. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि आवाज थांबला की तेही श्वास धरून बसत.

दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी आजोबांच्या हातात आणि किल्ली लेकीच्या. लेक वाकली. तिची नजर तोंडात ठरेना, आणि किल्ली भोक सोडून साऱ्या गावाला फिरून येई. पोरीला उमासा आला, मग तो बघून आईला आला. दोघी मायलेकी मोरीकडे धावल्या. आजोबा बॅटरी धरून तसेच उभे. बोलायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे त्यांना कळत होतं.

शेवटी पोरच टेबलावर उठून बसली. बाहीनं तोंड पुसलं. टाळूतल्या त्या जंजाळामुळं तिचं बोलणं बोबडं झालं होतं, पण म्हणणं स्पष्ट होतं. तोंड माझं आहे, ती म्हणाली. किल्ली आजोबांनी फिरवायची, पण आरसा माझ्या हातात. नवं भोक दिसलं की मी हात वर करीन. तोवर किल्ली काढायची नाही.

आजोबांनी घसा खाकरला. "आणि माझा हात सवयीनं माघारी आला तर?"

"तर मी चावीन," पोर म्हणाली.

लेकीला हसू फुटलं आणि तिनं किल्ली बापाच्या तळहातावर ठेवली. त्या संध्याकाळी आजोबांनी किल्ली पुढून घातली. किल्ली मागं गेली आणि हात माघारी वळायला बघू लागला, जुना बैल संध्याकाळी आपोआप गोठ्याकडे वळतो तसा. आजोबांनी तो धरून ठेवला. पोरीनं आरशात बघून हात वर केला. किल्ली मागूनच बाहेर आली. पोर म्हणाली, नाकात कुणीतरी येऊन बसलंय. दुखतंय का, आजोबांनी विचारलं. थोडं, ती म्हणाली. आजोबांना आनंदही झाला आणि जेवणही गेलं नाही.

हाताला नवी शिस्त लावायची म्हणून त्यांनी एका जाड बोल्टाला गोल भोकं पाडली आणि तो दुकानात फळीवर ठेवला. गिऱ्हाईक नसलं की फिरवायचं आणि तिथंच सोडायचं. फिरवायचं, सोडायचं. हात इतका शिकला की भलतीकडेच शिकला. छत्रीवाल्याच्या पेटीचं कुलूप तपासायला त्यांनी किल्ली घातली, फिरवली, आणि माघारी न आणताच ओढली. कट्. अर्धी किल्ली आत. वडिलांनी वर कुठूनतरी पट्टी उगारली असेल. छत्रीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "आजोबा, पोरीचं तोंड उघडलंत आणि माझी पेटी बंद केलीत." आजोबांनी तुकडा चिमट्यानं काढून दिला, नवी किल्ली फुकट घासून दिली, आणि मनातून खूश झाले. हात शिकतो आहे.

मग एका सकाळी लेकीला ओठ वर करून बघावंच लागलं नाही. पोर आरशासमोर उभी राहून पुढच्या दोन दातांच्या फटीत जिभेचं टोक घालत होती. शाळेत जाताना ती सगळ्या रस्त्याला दात दाखवत गेली. आजोबांनी दुकान उघडायच्या आधी तिला छत्रीवाल्याकडे नेऊन ती फट दाखवली; घराचा नवा दरवाजा दाखवावा तशी.

स्क्रू हवा तेवढा उघडला तेव्हा बाईंनी तो पक्का करून टाकला. आता फिरवायचं नाही; आतलं हाड भरून येईपर्यंत साधन तसंच राहू द्यायचं. ओठ मिटून नाकानं श्वास घ्यायचा सराव करायचा. पुन्हा झोपेची तपासणी झाली. श्वास थांबणं अगदी गेलं नव्हतं, पण पुष्कळच कमी झालं होतं. बाई म्हणाल्या, वाट बरोबर आहे, काही महिन्यांनी परत बघू. जाताना आजोबांनी त्यांच्या कपाटाची पट्टी सरळ करून दिली. विचारून.

आता आजोबांची दुपार म्हणाल तर ती बिघडली ती बिघडलीच. शाळा सुटते, पोर येते, दप्तर टाकते, आणि झोपत नाही. ही किल्ली कुणाची, हिला दात कमी का, कुलपाला आतून दिसतं का, छत्रीवाल्या काकांचं लग्न का झालं नाही, असं विचारत सुटते; शेवटचा प्रश्न तर तिनं रस्ता ओलांडून त्यांनाच जाऊन विचारला. खिळ्यांवरच्या किल्ल्या तिनं रंगांप्रमाणे लावल्या, त्यामुळं आजोबांना आता एकही सापडत नाही. शाळेच्या बाईंचा नवा निरोप आला: मुलगी फार बोलते. हा निरोप आजोबांनी घडी करून टोपीत ठेवला. गुणी पोर, हूं नाही की चूं नाही, असं जे ते सांगत असत, ते गुण नव्हते, थकवा होता, हे त्यांना आता कळतं. कळतं तेव्हा थोडं टोचतं. मग पोर काहीतरी पाडते आणि टोचायला वेळ उरत नाही.

परवाच्या दुपारी तिची बडबड ऐकता ऐकता आजोबांचाच डोळा लागला. भिंतीला मान टेकली, कानस मांडीवर, तोंड उघडं. पोर गप्प झाली. हातातली किल्ली खाली ठेवून ती त्यांच्या छातीकडे बघत बसली. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि अर्ध्यावर थांबला. तिनं त्यांचं गुडघ्यावरचं धोतर ओढलं.

"आजोबा. तुम्ही पण थांबता."

आजोबा दचकून उठले. काही नाही, स्वप्न पडलं होतं, म्हणाले. पोरीनं मान हलवली. हे उत्तर तिच्यापुढं चालणार नव्हतं. पुढच्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसायचं, तिनं सांगून टाकलं. आजोबा म्हणाले, बाईंनी स्क्रू बसवायला मला दाढा तरी कुठं उरल्यात? दाढा नसल्या तर दुसरं काही असेल त्यांच्याकडे, पोर म्हणाली, विचारू. लेकीलाही संध्याकाळी ती सांगणार होती, आणि सांगितल्याशिवाय राहणार नव्हती. आजोबांनी हार मानली. येतो म्हणाले.

रस्त्यापलीकडून छत्रीवाल्यानं काड्यांतून डोकं वर काढलं.

"काय गं, आज गाडी दुसऱ्याच फलाटाला लागली वाटतं?"

"लागली होती," पोर म्हणाली. "मी उठवली."